पुण्याची पदवी परदेशात कशी मोजली जाते?

दिवाळी सरली की पुण्यात परदेशी शिक्षणाच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. विद्यापीठात ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) अर्ज पडू लागतात, बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात आणि एफसी रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्यांची लगबग वाढते. घराघरांत मात्र एकाच प्रश्नाचा काथ्याकूट चाललेला असतो: आपली तीन वर्षांची डिग्री तिकडे चालते का? शेजारच्या दादाची चालली, मावसबहिणीची नाही चालली. दोघांचे विद्यापीठ एक, विषय एक, गुणही जवळपास सारखेच. मग लोक म्हणतात, नशीब. किंवा म्हणतात, एजंट चांगला हवा.

यात नशीब फार थोडे आहे. वेगवेगळ्या देशांच्या पदव्या एकमेकांच्या शेजारी ठेवून कशा वाचायच्या, याचे नियम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अनेक देशांनी एकत्र बसून घडवले आहेत. नियम बरेचसे उघड आहेत आणि कुणालाही समजतील असे आहेत. ते आपल्याकडे फारसे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात युरोपपासून करावी लागते, कारण हा गुंता आधी तिथेच झाला आणि तो सोडवायचा प्रयत्नही तिथेच झाला. नव्वदच्या दशकापर्यंत जर्मनीत बॅचलर नावाची पदवी जवळजवळ नव्हतीच. तिथे सरळ डिप्लोम किंवा मॅगिस्टर मिळायचे, आणि त्याला पाच-सहा वर्षे सहज लागायची. इंग्लंडमध्ये तीन वर्षांत मूल पदवीधर होऊन बाहेर पडायचे. फ्रान्समध्ये दुसऱ्या वर्षानंतर एक प्रमाणपत्र, तिसऱ्यानंतर दुसरे, चौथ्यानंतर तिसरे. इटलीत पदवी कागदावर चार-पाच वर्षांची, पण मुले त्याहून कितीतरी जास्त काळ रेंगाळायची. हे सगळे देश एकमेकांचे शेजारी, पण एकाची पदवी दुसऱ्याला उलगडत नसे.

१९८७ साली एरॅस्मस योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठात नाव ठेवून काही महिने दुसऱ्या देशात शिकायचे आणि परत यायचे. कल्पना सुंदर होती, पण पहिल्याच फेरीत अडचण उभी राहिली: तिकडे केलेला अभ्यास इकडे किती धरायचा? त्यावर तोडगा म्हणून १९८९ मध्ये क्रेडिट मोजायची एक सामायिक पद्धत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. पूर्णवेळ शिकलेल्या एका वर्षाचे ६० क्रेडिट. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. यात वर्गातले तास आलेच, शिवाय ग्रंथालयात बसणे, प्रयोगवही लिहिणे, परीक्षेची तयारी हेही आले. प्राध्यापक किती तास बोलले यापेक्षा विद्यार्थ्याने किती काम केले याला महत्त्व आले, हा मला त्यातला सर्वांत चांगला भाग वाटतो.

पुढे १९९८ च्या मे महिन्यात फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटनचे शिक्षणमंत्री पॅरिसला सोरबॉनमध्ये भेटले आणि पदव्यांची रचना एकमेकींशी जुळती करण्याच्या घोषणापत्रावर त्यांनी सह्या केल्या. १९ जून १९९९ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांनी तसेच, पण अधिक व्यापक घोषणापत्र मान्य केले. बोलोन्याचे विद्यापीठ आपली स्थापना १०८८ सालची मानते, म्हणून जागाही शोभणारी. आज या प्रक्रियेत ४९ देश आहेत. त्यांतल्या रशिया आणि बेलारूस यांचा सहभाग २०२२ पासून थांबवलेला आहे.

सगळे एकसारखे करायचे, असे ठरलेच नव्हते

बोलोन्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, युरोपने सगळीकडे एकच अभ्यासक्रम लादला. तसे काही झालेले नाही. हा कायदा नाही आणि बांधील करणारा तहही नाही. मंत्री दर दोन-तीन वर्षांनी भेटतात, काय झाले नि काय राहिले ते पाहतात, आणि प्रत्येक देश आपापल्या कायद्यात बदल करतो. सामायिक झाल्या त्या मोजक्या गोष्टी: बॅचलर, मास्टर, डॉक्टरेट अशा तीन पायऱ्या, क्रेडिटचे माप, गुणवत्ता तपासायच्या पद्धतीचे समान निकष, आणि पदवीसोबत द्यायची एक पुरवणी. बाकी काय शिकवायचे, कसे शिकवायचे, हे ज्याचे त्याच्याकडे. पुणे-मिरज रेल्वेमार्ग एकेकाळी मीटरगेज होता, त्यामुळे मुंबईहून ब्रॉडगेजने आलेल्या माणसाला कोल्हापूरला जायचे तर पुण्यात गाडी बदलावी लागे. पुढे गेज एक झाले, म्हणून सगळ्या गाड्या एकाच गावाला जायला लागल्या नाहीत. इथेही तेवढेच झाले.

आणि तेही सुखासुखी झाले नाही. २००९ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, व्हिएन्नात तर त्यांनी विद्यापीठाचे मोठे सभागृहच ताब्यात घेतले. पाच-सहा वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत कोंबल्यामुळे दर सेमिस्टरला परीक्षांचा मारा होतो, विचार करायला उसंत राहत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती खरी होती आणि नंतर बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रम सैल करावे लागले. जर्मनीने वैद्यक, कायदा अशा काही शाखांत जुनी राज्य-परीक्षा आजही ठेवली आहे. आपल्याकडे नवीन शैक्षणिक धोरण राबवताना सहा महिन्यांत तीन-तीन वेळा परीक्षा देऊन दमलेली मुले मी रोज पाहतो, तेव्हा व्हिएन्नातली ती मुले मला फार जवळची वाटतात.

पदवीसोबत द्यायच्या पुरवणीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. युरोपातल्या विद्यार्थ्याला पदवीबरोबर आठ भागांची ही पुरवणी मिळते. विद्यार्थी कोण, पदवी कोणती, ती कोणत्या पातळीची, किती वर्षांची, काय काय शिकला, गुण कसे देतात, या पदवीवर पुढे कुठे प्रवेश मिळू शकतो, आणि शेवटी त्या देशाची शिक्षणव्यवस्था कशी चालते याचे वर्णन. म्हणजे ज्याने त्या देशाचे नावही ऐकले नाही अशा कारकुनालाही पदवी वाचता यावी.

आता आपली गुणपत्रिका समोर ठेवा. विषयाचा कोड, विषयाचे आखूड नाव, अंतर्गत गुण, सत्रान्त परीक्षेचे गुण, ग्रेड. 'पेपर ३' असे कुठे कुठे लिहिलेले. या पेपर तीनमध्ये रेषीय बीजगणित होते की संख्याशास्त्र, हे म्युनिकच्या माणसाला कळणार कसे? म्हणून आपली मुले सगळ्या सेमिस्टरचे सिलॅबस छापून, कॉलेजकडून त्यावर शिक्के मारून घेत फिरतात. खटाटोप त्रासाचा आहे, पण त्यामागे कारण आहे. आपल्या गुणपत्रिकेने जे सांगायला हवे होते, ते हा गठ्ठा सांगतो. पदवी हातात पडल्यावर जुना सिलॅबस मिळवणे फार जिकिरीचे होते, त्यामुळे ज्यांना पुढे बाहेर जायचा नुसता विचारही आहे, त्यांनी तो त्या त्या वर्षीच जपून ठेवावा.

तीन वर्षांच्या डिग्रीचे गणित

आपल्याकडेही आता क्रेडिट आले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले, २०२१ मध्ये अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (मिळवलेले क्रेडिट साठवून ठेवायच्या सोयीचे) नियम झाले, २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. नावे युरोपसारखीच, त्यामुळे पालकांना वाटते की आता सगळे जुळले. इथेच पाय घसरतो.

भारतीय आराखड्यात एका वर्षाचे ४० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे ३० तास, म्हणजे वर्षाला १२०० तास. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १५०० ते १८०० तास. तीन वर्षांची पदवी आपल्याकडे किमान १२० क्रेडिटची (महाराष्ट्रात ती १३२ पर्यंत जाते), तिकडे किमान १८० ची.

आता तिकडचा अधिकारी दोन प्रकारे हिशेब करू शकतो. पहिला, वर्षाला वर्ष. आपले ४० म्हणजे त्यांचे ६०, तेव्हा १२० चे १८० झाले. पदवी पूर्ण धरली जाते. दुसरा, तासाला तास. आपल्या १२० क्रेडिटचे ३६०० तास झाले. त्यांना ३० ने भागले तर १२० येतात, २५ ने भागले तर १४४. म्हणजे त्यांच्या १८० ला ३६ ते ६० क्रेडिट कमी पडतात. तोच कागद, तीच तीन वर्षे, आणि एका हिशेबाने पदवी पूर्ण, दुसऱ्याने अपुरी. शेजारचा दादा आणि मावसबहीण यांच्यातला फरक अशा ठिकाणी पडू शकतो. त्यात कुठल्या विद्यापीठाला विशिष्ट विषयाचे ठरावीक क्रेडिट हवे असतात, म्हणजे संगणकशास्त्राच्या मास्टरसाठी गणिताचे अमुक इतके. तिथे एकूण बेरीज पुरी असूनही अर्ज परत येतो.

मला स्वतःला वर्षाचा हिशेब रास्त वाटतो, कारण युरोपच्या व्याख्येतच ६० क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष, असे म्हटले आहे. तास हे त्या वर्षाचे आतले विभाजन आहे. पण हा युक्तिवाद विद्यार्थ्याने एकट्याने ईमेलवर करायचा नसतो. तो आपल्या विद्यापीठांनी आणि सरकारने करायला हवा, आणि ट्रान्स्क्रिप्टवरच 'पूर्णवेळ एक वर्ष म्हणजे इतके क्रेडिट, इतके तास' अशी ओळ छापायला हवी. खर्च शून्य आहे.

व्यवहारात सध्या असे आहे: ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या पदवीला मास्टरसाठी सहसा अडचण येत नाही, कारण त्यांची स्वतःची पदवी तीनच वर्षांची आहे. जर्मनीत विद्यापीठ आणि विषय पाहून वेगवेगळे उत्तर मिळते. अमेरिकेत बरीच विद्यापीठे चार वर्षे मागतात. अगदी बोलोन्यातून आलेल्या युरोपीय तीन वर्षांच्या पदव्यांनाही सुरुवातीच्या काळात अमेरिकेत खळखळ झालीच होती. आता आपल्याकडे चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. ज्यांना संशोधनाकडे किंवा अमेरिकेकडे वळायचे आहे त्यांनी त्याचा गंभीरपणे विचार करावा. ज्यांना इथेच एमए, एमकॉम करून नोकरी धरायची आहे, त्यांनी केवळ परदेशाच्या धास्तीने एक वर्ष आणि एक फी वाढवू नये.

गुणांचे रूपांतर हा आणखी एक प्रांत. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. परदेशी गुण त्यात बसवायला तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला, सर्वोच्च गुणांतून पास होण्याचे किमान गुण वजा करून जे येईल, त्याने भागा. तीनने गुणा, एक मिळवा. तुमचा सीजीपीए ८, सर्वोच्च १०, पास ४ ला, असे धरू.

१ + ३ × (१० − ८) ÷ (१० − ४) = २.०

आता समजा कार्यालयाने पासची मर्यादा ४ ऐवजी ५ धरली. उत्तर २.२ येते. विद्यार्थी तोच, आणि २.० पर्यंतच प्रवेश देणाऱ्या अभ्यासक्रमातून तो बाहेर पडला. म्हणून पास होण्याची किमान मर्यादा स्पष्ट लिहिलेले विद्यापीठाचे पत्र किंवा गुणपत्रिकेच्या मागची श्रेणीपद्धत अर्जाला जोडायलाच हवी.

या सूत्रावर माझा एक आक्षेप आहे. त्यात गृहीत धरलेले असते की गुण सगळीकडे सारख्याच सढळ हाताने वाटले जातात. पुण्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बीएस्सीला ६० टक्के मिळवून फर्स्ट क्लास आणणे ही पेढे वाटायची गोष्ट होती. पासला ४० धरले तर सूत्र त्या ६० टक्क्यांना ३.० देते, म्हणजे जर्मन भाषेत 'समाधानकारक'. चाळिशीत मास्टरला अर्ज करणाऱ्या माणसावर हा अन्यायच आहे. त्याने वर्गातला किंवा बॅचमधला क्रमांक दाखवणारे पत्र मिळाले तर जरूर जोडावे.

जर्मनीला जाणाऱ्यांकडून १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस (कागदपत्रे तपासणारी जर्मन यंत्रणा) प्रमाणपत्र मागितले जाते. पुष्कळांना वाटते की ते मिळाले म्हणजे पदवी समकक्ष ठरली. तसे नाही. त्या प्रमाणपत्राचा मुख्य अर्थ एवढाच की कागद खरे आहेत. प्रवेश द्यायचा की नाही, हे विद्यापीठच ठरवते.

सिद्ध कुणी करायचे?

क्रेडिट आणि पुरवणी यांची चर्चा खूप होते. माझ्या मते यातला खरा क्रांतिकारक कागद वेगळाच आहे. ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बनमध्ये युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून पदव्यांच्या मान्यतेचा करार केला. बोलोन्याच्या उलट, हा कायद्याने बांधील करणारा करार आहे, आणि ऑस्ट्रेलियासारखे युरोपबाहेरचे देशही त्यात आहेत. त्याचा गाभा असा: दुसऱ्या देशाची पदवी मान्य करायची. ती नाकारायची असेल, तर आपल्या आणि त्यांच्या पदवीत लक्षणीय फरक आहे, हे नाकारणाऱ्याने दाखवायचे. अर्जदाराने नव्हे. कारण द्यायचे, वाजवी वेळेत द्यायचे, आणि अर्जदाराला अपील करता आले पाहिजे.

त्याआधी जगभर उलटे चालत असे. तुमची पदवी आमच्यासारखीच आहे, हे तुम्ही ओळ न् ओळ सिद्ध करा. एक वर्ष कमी? एक विषय वेगळा? नाकारली. लिस्बनने 'एकसारखी' हा निकष बाजूला सारून 'लक्षणीय फरक नाही' हा निकष आणला. याच धर्तीवर आशिया-पॅसिफिक देशांसाठी २०११ मध्ये टोकियोत करार झाला आणि तो २०१८ मध्ये लागू झाला. पुढे युनेस्कोने २५ नोव्हेंबर २०१९ रोजी साऱ्या जगासाठीचा करार स्वीकारला. तो ५ मार्च २०२३ पासून अमलात आहे.

भारताने दरम्यान दोन-दोन देशांमधले समझोते केले. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनशी झाला, मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी. ब्रिटनच्या समझोत्याने एक जुना सल गेला. तिथली एका वर्षाची मास्टर पदवी घेऊन आलेल्यांना इथे 'आमचे एमए दोन वर्षांचे' असे ऐकावे लागायचे. ती पदवी आता मान्य होते. पण या समझोत्यात अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा, वास्तुरचना हे नाहीत. पदवी शिक्षणासाठी मान्य होणे आणि त्या पदवीवर व्यवसाय करायची परवानगी मिळणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय संघाच्या आतसुद्धा डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, पशुवैद्य, सुईण, औषधनिर्माते आणि वास्तुरचनाकार एवढ्या सातच व्यवसायांना आपोआप मान्यता आहे.

अभियंत्यांसाठी एकमेकांचे अभियांत्रिकी अभ्यासक्रम समकक्ष मानण्याचा वॉशिंग्टन करार आहे, १९८९ सालचा. भारत त्याचा पूर्ण सदस्य जून २०१४ मध्ये झाला. पुण्याच्या परिसरात इतकी अभियांत्रिकी महाविद्यालये असताना ही माहिती प्रवेशाच्या वेळीच पालकांना हवी: या कराराचा लाभ एनबीएने (नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन या मानांकन संस्थेने) टियर-१ गटात मानांकन दिलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो, आणि त्या गटात विद्यापीठे व स्वायत्त संस्थाच येतात. मानांकन महाविद्यालयाला नसते, अभ्यासक्रमाला असते. मेकॅनिकलला आहे म्हणून कॉम्प्युटरलाही असेल असे नाही. माहितीपत्रकावरचे मोठ्या अक्षरातले 'एनबीए मान्यताप्राप्त' वाचून थांबू नका. कोणत्या शाखेला, कोणत्या गटात, कोणत्या वर्षापर्यंत, हे विचारा.

परदेशातून पदवी घेऊन परतणाऱ्यांसाठी भारतात अनेक वर्षे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था समकक्षतेचे प्रमाणपत्र देत असे. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने यासाठी स्वतःचे नियम आणले. त्यात पोर्टलवर अर्ज, स्थायी समितीची छाननी आणि नाकारल्यास फेरविचाराची सोय आहे. वैद्यक, कायदा, वास्तुरचना अशा स्वतंत्र परिषदा असलेल्या शाखा यातूनही वगळल्या आहेत. ही पायरी योग्य दिशेची आहे. तिचा खरा कस नाकारलेल्या अर्जांवर लागेल. तिथे कारण नीट लिहिलेले असेल का, की 'समकक्ष नाही' एवढ्याच दोन शब्दांवर बोळवण होईल?

कारण आपण दरवेळी मागणाऱ्याच्या बाजूला उभे नसतो. पुण्यात कितीतरी वर्षांपासून अफगाणिस्तान, इराण, येमेन आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांमधून मुले शिकायला येतात. त्यांना प्रवेश देताना त्यांचा बारावीचा दाखला, त्यांची क्रेडिट, त्यांचे गुण वाचायचे काम पुणेकर कारकून आणि प्राध्यापक करतात. म्युनिकने आपल्या मुलांशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे या मुलांशी इथे वागले जावे, हे मला फार मनापासून वाटते.

लिस्बन कराराचा सातवा भाग निर्वासितांबद्दल आहे. ज्यांचे कागद युद्धात गेले, ज्यांचे विद्यापीठच बंद पडले किंवा मायदेशी संपर्क साधणे जिवावर बेतेल, अशांच्या शिक्षणाचा न्याय्य अंदाज घ्यायची पद्धत प्रत्येक देशाने तयार ठेवावी, असे तो म्हणतो. युरोप परिषदेने त्यावरून निर्वासितांसाठी एक पात्रता-पासपोर्ट काढला आहे. हाती असतील तेवढे कागद पाहायचे, विषयातल्या जाणकारांनी सविस्तर मुलाखत घ्यायची आणि काय शिकलेले दिसते ते लिहून द्यायचे. मूळ ट्रान्स्क्रिप्ट आणून द्या, असे काबूलहून आलेल्या मुलीला सांगण्यापेक्षा हे कितीतरी सुज्ञपणाचे आहे. यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहायलाच हवी असे नाही. विषयातले दोन प्राध्यापक, एक दुभाषी आणि दोन तास एवढ्यावर आपल्या एखाद्या विभागाला याची सुरुवात करता येईल.